'रिटर्न' म्हणजे नेमके कोठे परत?
संगणकाच्या भाषेतील एका शब्दाचा अभ्यास

आपल्या विद्यालयात पालीच्या तासाला भन्तेजींनी पहिल्यांदा सुत्ताचे पुस्तक हाती दिले, तेव्हा त्यात जागोजागी छापलेल्या एका अक्षराने मला गोंधळात टाकले होते. ओळ नीट चाललेली असे आणि मध्येच, दोन्ही बाजूंना टिंबे देऊन, नुसते 'पे' असे छापलेले असे. मी ते इमानेइतबारे 'पे' असेच मोठ्याने वाचले आणि सगळा वर्ग हसला. भन्तेजी हसले नाहीत. त्यांनी समजावले की हा 'पेय्याल' या शब्दाचा संक्षेप आहे. जो परिच्छेद आधी येऊन गेला, तोच येथे पुन्हा म्हणावयाचा आहे. छापणाऱ्याने जागा वाचवली आहे, म्हणणाऱ्याने वाचवू नये. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापलेल्या तिपिटकातही हीच खूण पानोपानी दिसते.

या 'पे'चे वाचन दोन प्रकारे करता येते. एक प्रकार असा की, आहे त्या ओळीवर बोट ठेवावे, मागचे पान उलटावे, तेथला परिच्छेद वाचावा आणि पुन्हा बोट ठेवलेल्या जागी यावे. दुसरा प्रकार आमच्या वर्गातील एका मुलाने काढला होता. त्याने आपल्या वहीत प्रत्येक 'पे'च्या जागी तो परिच्छेद संपूर्ण उतरवून काढला. त्याची वही जाड झाली, पण वाचताना त्याला ना पान उलटावे लागे, ना बोट ठेवावे लागे.

पुढे उदरनिर्वाहासाठी प्रोग्रामिंग शिकलो, तेव्हा या दोन्ही पद्धती तेथे जशाच्या तशा भेटल्या. पहिलीला फंक्शन कॉल म्हणतात, दुसरीला इनलाइन. या लेखात मला सांगावयाचे आहे ते त्या बोटाविषयी, म्हणजे परत येण्याविषयी. प्रोग्रामच्या भाषेत त्यासाठी 'रिटर्न' हा शब्द आहे. तो दिसतो साधा, परंतु त्याचा अर्थ मी एकदा चुकीचा लावला आणि त्याची झळ मला नव्हे, भलत्यांनाच बसली. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू, कारण संगणक शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलांचे पालकही ही स्मरणिका वाचतात आणि त्यांनाही हा विषय समजावा अशी माझी इच्छा आहे.

फंक्शन म्हणजे नाव दिलेले एक छोटे काम. वसतिगृहाच्या भांडारात शिल्लक धान्य मोजणे हे एक काम आहे असे समजा. ते कसे करावयाचे हे एकदाच लिहून ठेवायचे आणि जेथे गरज पडेल तेथे नुसते त्याचे नाव घ्यायचे. नाव घेतले की संगणक चालू काम थांबवतो, त्या लिहिलेल्या जागी जातो, ते काम करतो आणि 'रिटर्न' हा शब्द भेटला की थांबलेल्या जागी परत येतो. येताना हाती उत्तरही आणतो, उदाहरणार्थ, तांदूळ किती किलो उरला. म्हणजे 'रिटर्न' या एका शब्दात दोन गोष्टी सामावलेल्या आहेत : उत्तर देणे आणि परतणे.

परतण्यासाठी 'कोठून निघालो' हे कोठे तरी नोंदवून ठेवावे लागते. आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा विचारही होत नाही. परंतु संगणकाच्या आरंभकाळी हा खरोखरीचा पेच होता. ॲलन ट्युरिंग यांनी 1946 मध्ये सादर केलेल्या संगणकाच्या आराखड्यात परतीचा पत्ता 'पुरून ठेवणे' आणि काम झाल्यावर 'उकरून काढणे' अशा अर्थाचे दोन शब्द योजले होते. केंब्रिज येथे 1949 मध्ये सुरू झालेल्या एडसॅक या संगणकावर डेव्हिड व्हीलर यांनी वेगळी युक्ती केली. बोलावलेले उपकार्य सुरू होताच, कोठून बोलावणे आले हे पाहून, आपल्याच शेवटच्या ओळीच्या जागी 'अमुक ठिकाणी परत जा' ही आज्ञा स्वतःच लिहून घेत असे. काम संपत आले की ती ओळ वाचली जाई आणि परतीची वाट सापडे. ही युक्ती आजही व्हीलर यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच काळात उपकार्यांचे दोन वर्ग मानले जात : बंद आणि उघडी. बंद उपकार्य एकाच ठिकाणी असे आणि तेथे जाऊन यावे लागे. उघडे उपकार्य जेथे हवे तेथे संपूर्ण उतरवले जाई. म्हणजे माझ्या वर्गमित्राची जाड वही ही संगणकाच्या जगातही फार जुनी आहे. इनलाइन ही काही कालपरवाची टूम नव्हे.

उतरवून काढण्याचा फायदा उघड आहे. जाणे-येणे वाचते. काम अगदी लहान असेल, दोन आकड्यांतील मोठा कोणता एवढेच पाहणारे, तर त्यासाठी पत्ता नोंदवा, तेथे जा, परत या, हा खटाटोप कामापेक्षा भारी होतो. तोटाही उघड आहे. मोठे काम शंभर ठिकाणी उतरवले तर वही फुगते.

परंतु येथेच आपला मूळ प्रश्न उभा राहतो. उतरवलेल्या मजकुरात 'परत जा' असे लिहिलेले असेल, तर त्याचे काय करायचे? बोट तर कोठेच ठेवलेले नाही. आपण कोठे गेलोच नाही, मग परतायचे कोठे?

सी भाषेतील जुन्या प्रोग्रामरांनी याचे उत्तर भलत्या वाटेने अनुभवले आहे. त्या भाषेत मॅक्रो नावाची सोय आहे. मॅक्रो म्हणजे निव्वळ अक्षरांची उतरवणी. मजकुराचा अर्थ न पाहता तो जसाच्या तसा डकवला जातो. अशा मॅक्रोमध्ये कोणी 'चूक आढळली तर रिटर्न' असे लिहून ठेवले, तर ते वाक्य ज्या फंक्शनमध्ये डकवले गेले त्याच फंक्शनमधून बाहेर पडते. काही जण हे जाणीवपूर्वक वापरतात, पण ज्याला ठाऊक नाही तो रात्रभर चूक शोधत बसतो, कारण त्याने लिहिलेल्या मजकुरात 'रिटर्न' हा शब्द दिसतच नाही. तो मॅक्रोच्या पोटात दडलेला असतो.

सी प्लस प्लस भाषेतील इनलाइन फंक्शनने हा गोंधळ मिटवला. तेथे कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा अनुवादक, अक्षरे नव्हे तर अर्थ उतरवतो. इनलाइन फंक्शनमधील 'रिटर्न'चा अर्थ तो असा लावतो : उतरवलेला परिच्छेद जेथे संपतो तेथे उडी मार आणि उत्तर हाती ठेव. त्यामुळे फंक्शन बोलावले काय किंवा उतरवले काय, वाचणाऱ्याला फरक जाणवू नये असा कटाक्ष पाळला जातो. परत येण्याची भाषा कायम राहते, फक्त प्रत्यक्ष प्रवास होत नाही. (जाता जाता : आज सी प्लस प्लसमध्ये 'इनलाइन' लिहिले म्हणून कम्पायलर मजकूर उतरवतोच असे नाही. तो निर्णय तो स्वतःच्या हिशेबाने घेतो. त्या शब्दाचे आजचे मुख्य काम, एकच फंक्शन अनेक फाइलींत आले तरी तक्रार करू नये, असे सांगण्याचे आहे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून नोंदवून ठेवले.)

येथवर सारे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो लॅम्डामुळे.

लॅम्डा म्हणजे नाव नसलेले छोटे काम, चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याच्या हाती दिलेले. मुख्याध्यापकांनी वर्गनायकाला एक चिठ्ठी दिली असे समजा : 'सभागृहातील प्रत्येक मुलाजवळ जा आणि चिठ्ठीत लिहिले आहे ते कर.' प्रत्येकाजवळ जाणे हे वर्गनायकाचे काम. जवळ गेल्यावर काय करायचे, हे चिठ्ठीत. आता चिठ्ठीत असे वाक्य आले : 'मुलाजवळ दाखल्याची प्रत नसेल तर परत फिर.' परत फिर म्हणजे काय? या मुलाला सोडून पुढच्याकडे वळ, की सगळेच काम टाकून मुख्याध्यापकांच्या खोलीत ये? मराठीत तर 'परत' या शब्दाचे आणखी एक टोक आहे. 'परत विचार' म्हणजे पुन्हा विचार. माणसाला संदर्भावरून कळते. संगणकाला नियम लागतो, आणि तो नियम भाषेगणिक बदलतो.

माझी चूक याच जागी झाली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी सेवाभावाने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जात ज्या मुलांची कागदपत्रे अपुरी आहेत त्यांच्या पालकांना मोबाइलवर संदेश जावा, कोणता दाखला राहिला आहे हे कळावे आणि शेवटच्या तारखेआधी त्यांनी तो आणून द्यावा, एवढेच त्याचे काम. भाषा होती कोटलिन. ही भाषा जेटब्रेन्स या कंपनीने विकसित केली, तिची पहिली पक्की आवृत्ती 2016 मध्ये आली आणि 2017 मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली. तेव्हापासून मोबाइलच्या प्रोग्रामरांना ती टाळता येत नाही. माझा हात मात्र जावा भाषेवर बसलेला होता. प्रोग्रामचा गाभा देवनागरीत उतरवून सांगायचा तर असा होता :

फन पालकांना_कळवा(यादी) {
    यादी.फॉरईच { मूल ->
        जर (मूल.मोबाइल रिकामा असेल) रिटर्न
        संदेश_पाठवा(मूल)
    }
}

'फन' हा फंक्शन सुरू होते हे सांगणारा कोटलिनमधील शब्द, 'फॉरईच' म्हणजे प्रत्येकासाठी, आणि आतल्या महिरपी कंसातील मजकूर ही चिठ्ठी, म्हणजेच लॅम्डा. मला अभिप्रेत असे होते की ज्या मुलाच्या नोंदीत मोबाइल क्रमांकच नाही त्याला वगळावे आणि पुढच्याकडे जावे. जावा भाषेत 2014 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा आहेत आणि तेथे लॅम्डातील 'रिटर्न' लॅम्डापुरताच असतो. तो त्या मुलाला सोडतो आणि यादी पुढे चालू राहते. जावास्क्रिप्टमध्येही तसेच होते. मी तीच सवय घेऊन आलो होतो.

कोटलिनमध्ये मात्र पहिल्या रिकाम्या क्रमांकाशी येताच प्रोग्राम यादीतूनच नव्हे, तर 'पालकांना_कळवा' या संपूर्ण फंक्शनमधून बाहेर पडला. ज्या ठिकाणाहून हे फंक्शन बोलावले होते त्याच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. फंक्शन रीतसर परतले होते, त्यामुळे त्याने आपल्या नोंदीत 'काम पूर्ण' असे लिहून टाकले. चुकीचा संदेश नाही, लाल अक्षरे नाहीत, काही नाही. चाचणीच्या वेळी मी जी नमुन्याची यादी घेतली होती तिच्यात सर्वांचे क्रमांक भरलेले होते, म्हणून तेव्हाही काही दिसले नाही.

यादी आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने होती. रिकामा क्रमांक निघाला तो 'भ'च्या आसपास. म्हणजे म, र, व, श, स, ह या अक्षरांनी सुरू होणारी आडनावे ज्यांची, त्या एकाही पालकाला संदेश गेला नाही. हे मला कळले ते शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका आईच्या फोनमुळे. ''दादा, शेजारच्या बाईला मोबाइलवर आलं, तिच्या पोराचा दाखला राहिलाय म्हणून. आम्हाला काही आलं नाही. आमच्या पोरीचं सगळं आहे ना?'' मी नोंद उघडून पाहिली. 'काम पूर्ण.' मग मुलीची नोंद पाहिली. उत्पन्नाचा दाखला नव्हता.

त्या रात्री आम्ही तिघांनी बसून उरलेल्या पालकांना एकेक करून फोन केले. दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर रांगा लावून बहुतेकांनी दाखले मिळवले. एका मुलाचे वडील ऊसतोडीला परजिल्ह्यात होते. त्यांचा अर्ज त्या फेरीत गेला नाही आणि त्या सहामाहीची फी त्यांना उसनवारी करून भरावी लागली. आपल्या समाजात शिष्यवृत्तीच्या एका हप्त्याचे मोल काय असते हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आपल्यापैकी अनेक जण त्याच हप्त्यांवर शिकलो आहोत.

आता कोटलिनने असे का केले, हे पाहू. रागाच्या भरात मी प्रथम भाषेलाच दोष दिला होता. तो दोष भाषेचा नव्हता.

कोटलिनमधील नियम एका वाक्यात सांगता येतो : नुसता 'रिटर्न' हा स्वतःभोवतीचा सर्वांत जवळचा कंस शोधत नाही, तर सर्वांत जवळचा 'फन' हा शब्द शोधतो आणि त्या फंक्शनमधून बाहेर पडतो. माझ्या चिठ्ठीभोवती कंस होता, पण 'फन' नव्हता. जवळचा 'फन' होता तो थेट 'पालकांना_कळवा'चा. म्हणून प्रोग्राम तेथूनच बाहेर पडला.

हे शक्य होते त्याचे कारण 'फॉरईच' हे इनलाइन फंक्शन आहे. कोटलिनचा कम्पायलर 'फॉरईच'चा मजकूर माझ्या फंक्शनमध्ये उतरवतो आणि त्याच्या जोडीने माझी चिठ्ठीही तेथेच उतरवतो. उतरवणी झाल्यावर चिठ्ठी अशी वेगळी राहतच नाही. एक साधे चक्र उरते आणि त्याच्या पोटात माझी दोन वाक्ये. तेव्हा माझा 'रिटर्न' प्रत्यक्षातही माझ्याच फंक्शनच्या अंगणात उभा असतो. उलट, एखाद्या इनलाइन फंक्शनच्या स्वतःच्या मजकुरात त्याच्या लेखकाने 'रिटर्न' लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ 'उतरवलेल्या भागाच्या शेवटी जा' असाच लावला जातो. दोन्ही 'रिटर्न' उतरवणीनंतर शेजारीशेजारी येऊ शकतात आणि तरीही दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. प्रत्येक जण, ज्याने त्याला लिहिले त्याच्या घरातून बाहेर पडतो. सीच्या मॅक्रोत नेमके हेच जपले जात नव्हते. पालीच्या 'पे'ची उपमा येथवरच साथ देते. पुढे ती ताणू नये.

भाषा घडवणाऱ्यांचा हेतूही समजण्याजोगा आहे. कोटलिनमध्ये साधे 'फॉर' चक्रही आहे. त्या चक्रात 'रिटर्न' लिहिला तर संपूर्ण फंक्शनमधून बाहेर पडावे, हे कोणालाही मान्य होईल. यादीतून हवा तो विद्यार्थी शोधायचा असेल तर सापडताच उत्तर देऊन बाहेर पडणे हीच सरळ वाट आहे. मग चक्राऐवजी 'फॉरईच' वापरले म्हणून त्याच शब्दाचा अर्थ बदलावा का? बदलू नये, असे त्यांनी ठरवले. इनलाइन फंक्शन हे भाषेतील मूळच्या चक्रासारखेच वाटावे, हा त्यामागचा आग्रह आहे. आज मला तो पटतो. याखेरीज इनलाइनमुळे प्रत्येक चिठ्ठीसाठी स्मृतीत स्वतंत्र वस्तू तयार करावी लागत नाही, हा व्यावहारिक लाभ आहेच. कोटलिनमध्ये इनलाइनचे खरे प्रयोजन तेच आहे. ज्या फंक्शनला लॅम्डा दिलेली नाही त्याला इनलाइन केले, तर बहुधा कम्पायलर स्वतःच इशारा देतो की यातून फारसे काही साधणार नाही.

मला जे हवे होते त्यासाठी भाषेने वेगळी सोय ठेवली आहे. तिला लेबल म्हणतात. 'रिटर्न' या शब्दाला लागूनच @ हे चिन्ह आणि त्यापुढे नाव लिहायचे. 'रिटर्न@फॉरईच' असे लिहिले की अर्थ होतो, फक्त या चिठ्ठीतून बाहेर पड. यादी पुढे चालू राहते. माझ्या प्रोग्रामची दुरुस्ती एवढीच होती : एक चिन्ह आणि एक शब्द.

दुसरी वाट अशी की लॅम्डाऐवजी निनावी फंक्शन द्यावे, म्हणजे चिठ्ठीच्या आरंभी 'फन' हा शब्द लिहावा. मग जवळचा 'फन' तोच ठरतो आणि नुसता 'रिटर्न'ही चिठ्ठीपुरताच राहतो. वर सांगितलेला नियम नीट समजला असेल तर याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. 2025 मध्ये आलेल्या कोटलिनच्या 2.2 आवृत्तीपासून इनलाइन फंक्शनला दिलेल्या लॅम्डातून, तिच्याभोवती साधे चक्र असेल तर, त्या चक्रासाठी 'ब्रेक' आणि 'कंटिन्यू' हे शब्दही रीतसर वापरता येतात. 'कंटिन्यू' म्हणजे पुढच्या फेरीकडे वळ. मात्र हे शब्द खऱ्या चक्रासाठीच आहेत. 'फॉरईच'ला चक्र समजून त्यातील एक मूल वगळण्यासाठी 'कंटिन्यू' लिहू पाहणाऱ्याला आजही लेबलाकडेच यावे लागेल.

आणि फंक्शन इनलाइन नसेल तर? तेव्हा चिठ्ठीत नुसता 'रिटर्न' लिहूच देत नाहीत. येथे 'रिटर्न' चालणार नाही असे सांगून कम्पायलर प्रोग्राम परत करतो. हे बंधन पुष्कळांना जाचक वाटते, परंतु त्यामागचे कारण फार शहाणपणाचे आहे. चिठ्ठी ज्याच्या हाती दिली तो ती लगेच वाचेल याची खात्री नसते. तो ती खिशात ठेवील आणि पहाटे पाच वाजता उघडील. तोवर चिठ्ठी लिहिणारे फंक्शन केव्हाच आटोपलेले असेल. मग 'त्या फंक्शनमधून बाहेर पड' या आज्ञेला काय अर्थ उरला? ज्या घरातून बाहेर पडायचे ते घरच उभे नाही. रुबी भाषेत हीच गोष्ट प्रोग्राम चालू असताना उघडकीस येते आणि तो चूक दाखवून मध्येच थांबतो. स्मॉलटॉक या जुन्या भाषेतही हा प्रसंग ओढवत असे. कोटलिन मात्र प्रोग्राम चालण्याआधीच अडवते. परिणाम भोगण्याआधी मिळालेला नकार मला केव्हाही चांगला वाटतो.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरी अवस्था आहे. फंक्शन इनलाइन आहे, पण मिळालेली चिठ्ठी ते स्वतः वाचत नाही. आपल्या पोटातील दुसऱ्या एखाद्या कामाकडे, समजा वेगळ्या थ्रेडकडे, ती सोपवते. उतरवणी तर हवी, परंतु बाहेर पडण्याची मुभा देणे धोक्याचे. अशा वेळी त्या चिठ्ठीच्या नावाआधी 'क्रॉसइनलाइन' असा शब्द लिहावा लागतो. त्याचा अर्थ, ही चिठ्ठी उतरवली जाईल, पण तिच्यातून बाहेरच्या फंक्शनला ओलांडून जाता येणार नाही. आणि उतरवणीच नको असेल तर 'नोइनलाइन'. नवख्यांना हे दोन शब्द पाठ करण्याची सवय असते. पाठ करू नयेत. चिठ्ठी कोण वाचणार आणि केव्हा वाचणार, हे दोन प्रश्न विचारले की कोणता शब्द हवा ते आपोआप सुचते.

आणखी एक बाब, जी प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते. लॅम्डातून असे थेट बाहेर पडताना मध्ये उघडलेल्या फाइलीचे काय? लावलेल्या कुलपाचे काय? कोटलिनमधील 'यूझ' हे इनलाइन फंक्शन फाइल वापरून झाली की ती बंद करते. तिच्या चिठ्ठीतून मध्येच 'रिटर्न' झाला तरीही ती बंद होतेच, कारण 'फायनली' या शब्दाखाली लिहिलेला मजकूर कोणत्याही वाटेने बाहेर पडताना चालवला जातो. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवायचा असा आपल्याकडे नियम होता. मग तो अभ्यास संपला म्हणून निघो किंवा पोट दुखते म्हणून निघो. 'फायनली' तसाच आहे.

माझ्या दुरुस्तीत लेबल लावणे हा लहान भाग होता. मोठा भाग वेगळाच होता. 'पालकांना_कळवा' हे फंक्शन काहीच उत्तर देत नव्हते, नुसते परतत होते. त्याने पाठवलेल्या संदेशांची संख्या उत्तर म्हणून द्यावी असे मी आरंभीच ठरवले असते, तर चिठ्ठीतील तो उत्तराविना लिहिलेला नुसता 'रिटर्न' कम्पायलरने स्वीकारलाच नसता. पूर्णांक द्यावयाचे कबूल केले आहे आणि हात रिकामे आहेत, असे सांगून त्याने मला तेथेच थांबवले असते. म्हणजे चूक पकडण्याची व्यवस्था भाषेत होती, मीच तिला संधी दिली नाही. आता ते फंक्शन तीन आकडे परत करते : यादीत किती होते, संदेश किती गेले, किती वगळले. पहिला आकडा उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतका नसेल तर नोंदीत 'काम पूर्ण' असे लिहिले जात नाही. वगळलेल्यांची नावे वेगळ्या कागदावर छापून येतात आणि संस्थेतील ताई त्या पालकांपर्यंत स्वतः निरोप पोहोचवतात. ज्यांच्याकडे मोबाइलच नाही, निरोपाची गरज खरे तर त्यांनाच सर्वाधिक होती. माझ्या पहिल्या प्रोग्रामने त्यांच्याशी येऊन नेमके काम टाकले होते.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आपल्याकडे त्यासाठी 'एहिपस्सिको' हा शब्द आहे : या आणि स्वतः पाहा. चार आकड्यांची यादी घ्यावी : 3, 8, 0, 5. 'फॉरईच'ने प्रत्येक आकडा छापावा, शून्य आले तर नुसता 'रिटर्न' करावा आणि चिठ्ठीच्या बाहेर, फंक्शनच्या शेवटी, 'संपले' असे छापावे. पडद्यावर 3 आणि 8 दिसतील, पण 'संपले' दिसणार नाही. मग त्याच जागी 'रिटर्न@फॉरईच' लिहून पाहावे. 3, 8, 5 आणि त्याखाली 'संपले' असे चारही दिसतील. त्यानंतर लॅम्डा काढून निनावी फंक्शन ठेवावे, आणि काय दिसेल ते प्रोग्राम चालवण्याआधी वहीत लिहून ठेवावे.